दोन साडू, दोन पखाली

२ मार्च

पंचसाहेब,

साष्टांग नमस्कार. खरं सांगतो, आज दुसरा कुठला नमस्कार जमणारच नाही. मी पलंगावर आडवा आहे आणि पोट रिकाम्या डब्यासारखं वाजतंय.

पत्र बघून दचकू नका. फोनवर लिहिलं असतं तर दोन्ही घरांत बोभाटा झाला असता. आमची ही, म्हणजे धाकटी, माझा फोन माझ्या आधी वाचते, आणि तिने वाचलं की तुमच्याकडे ताईंना कळलंच. बहिणी कसल्या, रेडिओ स्टेशन आहेत दोघी! म्हणून हे पत्र तुमच्या पंच संघटनेच्या खोलीवर टाकतोय. उत्तर माझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या पत्त्यावर टाका. साडू-साडूंचं दुःख साडूंनाच कळणार.

तर हुकमाची तामील झाली. सासरेबुवा आतड्याच्या कॅन्सरने गेले तेव्हापासून ‘या घरात आता कुणाचंही उशिरा कळायचं नाही’ असा विडा दोघींनी उचललाय, आणि तो आपण दोघांनी चघळायचाय. पहिला नंबर माझा लागला.

आदल्या दिवशी संत्र्याच्या वासाची पावडर जगभर पाण्यात कालवून देतात. जग म्हणजे दुनिया नव्हे, भांडं. पण पिताना दुनियेएवढंच वाटतं. मी आयुष्यभर लोकांना ब्रेक कसा लावायचा ते शिकवलं. काल मला कळलं की काही ठिकाणी ब्रेक नसतोच.

तपासणी मात्र मजेची. गुंगीचं औषध देतात, पण जरा जाग असते. नळीच्या टोकाला कॅमेरा, समोर पडदा, आणि पडद्यावर माझंच आतडं, गुलाबी, चकचकीत. लाज वाटली नाही, उलट जरा अभिमानच वाटला. आणि नवलाची गोष्ट म्हणजे डॉक्टरबरोबर एक यंत्रही बघत असतं. एआय म्हणतात तेच. हजारो आतडी बघून तयार झालंय म्हणे. कुठे काही संशयास्पद दिसलं की पडद्यावर हिरवा चौकोन काढतं आणि ‘टुंग’ करतं. वेळेत सापडलं तर तिथल्या तिथे काढून टाकतात, पुढचं सगळं टळतं.

आणि माझ्या पोटात टुंग झालं हो! डॉक्टर वाकले, बघितलं, आणि म्हणाले, “काल टोमॅटो खाल्ला होता का?”

बी होती! बिया खायच्या नाहीत असं धाकटीने बजावलं होतं, पण ती आंघोळीला गेली आणि माझा तोल गेला. बाकी सगळं साफ. हे बीचं प्रकरण तुमच्या-माझ्यात ठेवा.

आपला,
निर्मळ साडू

९ मार्च

ड्रायव्हरसाहेब,

पत्र मिळालं. संघटनेच्या खोलीत मोठ्याने हसलो म्हणून दोन पंचांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं.

माझी तारीख सोळा. तयारी जोरात आहे. तुमच्या ताईंनी फ्रीजवर वेळापत्रक लावलंय. तलावावर मुलांना पोहायला शिकवताना वाजवतात ती शिट्टी घरी आणलीय. प्रत्येक ग्लासाला एक शिट्टी! आयुष्यभर मी फुटबॉलच्या मैदानावर शिट्टी मारली, आता म्हातारपणी तिच्या शिट्टीवर मी धावणार, आणि कुठे धावणार ते तुम्हाला ठाऊकच आहे.

पण तुमचं ते यंत्र मला पटलेलं नाही. टोमॅटोच्या बीला कॅन्सर म्हणतं आणि तुम्ही त्याचं कौतुक करता? मला यंत्रांचं सांगू नका. त्या मॅचमध्ये मी गोल दिला, डोळ्यांनी बघून दिला, आणि पडद्यावर रिप्ले दाखवून त्यांनी तो फिरवला. सगळं स्टेडियम मला ‘चष्मा घे, चष्मा घे’ म्हणून ओरडत होतं. ते कमी होतं म्हणून आता माझ्या पोटातही पडदा? मी सांगणार आहे, डॉक्टर, तुम्ही बघा, ते बंद ठेवा.

माझा माणसावर विश्वास आहे. माणूस चुकतो, पण निदान टुंग करत नाही.

तुमचा साडू

१२ मार्च

पंचसाहेब,

काय हा हट्ट! अहो, माझ्या शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटखाली दुसरा ब्रेक असतो, बघितलाय ना? स्टिअरिंग शिकणाऱ्याच्या हातात. मी फक्त दाबतो. कधी उगाच दाबतो, रस्त्यावर पिशवी उडाली की मला कुत्रं वाटतं, आणि पोरं वैतागतात. पण ज्या दिवशी खरंच कुत्रं असतं त्या दिवशी कुणी वैतागत नाही.

यंत्र तेवढंच करतं. चौकोन ते काढतं, निर्णय डॉक्टर देतात. शिट्टी डॉक्टरांच्याच तोंडात आहे. बंद-बिंद करायला सांगू नका, नाहीतर मीच ताईंना कळवीन.

आपला साडू

१८ मार्च

ड्रायव्हरसाहेब,

बसून वाचा.

आधी माझं सांगतो. सगळं साफ. यंत्र चालूच ठेवलं होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, “काका, ते बंद करायला मी परवानगी देत नाही, हरकत नोंदवा.” मग मी ठरवलं, टुंग झालं की लगेच हरकत घ्यायची. तर मेलं शेवटपर्यंत गप्प! एवढी तयारी करून गेलो आणि एक आवाज नाही. जरा अपमानच वाटला.

पण गोष्ट त्याच्या आधीची आहे. बाईंनी माहिती विचारली. “घरात कुणाला होता?”

“होता ना. सासऱ्यांना.”

त्यांचं पेन थांबलं. “कुणाला?”

“सासऱ्यांना. बायकोच्या वडिलांना. म्हणून तर आम्ही दोघे साडू तपासून घेतोय.”

बाई इतक्या हसल्या की नर्स बघायला आली. म्हणाल्या, “अहो काका, सासऱ्यांकडून जावयाला घड्याळ मिळतं, फार तर गाडी मिळते. आतडं नाही मिळत!”

मीही हसलो. मग त्या एकदम हसायच्या थांबल्या आणि म्हणाल्या, “आणि मिसेसची तपासणी कधी झाली?”

साडूबुवा, मी दाराच्या काचेतून बाहेर बघितलं. ही बाकावर माझे बूट मांडीवर घेऊन बसली होती.

झालेलीच नाही. तिचीही नाही आणि तुमच्या धाकटीचीही नाही. बाबांच्या रक्ताच्या त्या दोघी, आणि तपासण्या कुणाच्या, तर आपल्या! बाई म्हणाल्या, तुमची वाया नाही गेली, पन्नाशीनंतर करायचीच असते, पण तुमच्या आधी त्यांचा नंबर होता, कधीच होता.

घरी येताना मी रिक्षावाल्याला दोनदा चुकीचा रस्ता सांगितला. हिला वाटलं, भूक लागली असेल. मला काही सुचत नाहीये. तुम्ही सुचवा.

तुमचा साडू

२२ मार्च

पंचसाहेब,

कपाळावर हात मारून घेतला, तो अजून खाली आलेला नाही.

माझ्या कसं लक्षात आलं नाही ते सांगतो. मला नर्सने विचारलं तेव्हा मी म्हणालो, “आमच्या बाबांना होता.” लग्नापासून त्यांना बाबाच म्हणत आलो. तिने निमूट ‘वडील’ लिहून घेतलं. माझे खरे वडील तिकडे गावी झाडावर चढून फळं काढतायत!

म्हणतात ना, दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. म्हैस राहिली बाजूला, तिच्या पाठीवर पाण्याने भरलेल्या कातडी पखाली लटकतात त्यांना टोचून आलो. दोन पखाली म्हणजे तुम्ही आणि मी. (म्हण पूर्वजांची आहे. मी कुणाला म्हैस म्हटलेलं नाही. हे पत्र वाचून झालं की फाडा.)

काल मी धाकटीजवळ विषय काढला. “अगं, खरं तर तुझी व्हायला हवी.” तर तिने एकदम गॅसची शेगडी घासायला घेतली. मग म्हणाली माझं पोट चांगलं आहे, मग म्हणाली सुट्टी नाही, मग म्हणाली ताईने केली की करीन. आता ताईंवर सगळं आहे. ताई गेल्या तर ही जाईल, ताई अडल्या तर ही जन्मात जाणार नाही.

मला खरं सांगायचं तर भीती वाटते. आत्तापर्यंत हा सगळा खेळ वाटत होता. पंचसाहेब, काहीही करा, पण ताईंना न्या.

आपला साडू

३ एप्रिल

ड्रायव्हरसाहेब,

नेतोय. आठ तारखेला. पण कसं जमलं ते ऐका.

आधी सरळ सांगितलं. म्हणाली, मुलांच्या स्पर्धा आहेत. स्पर्धा झाल्या. मग म्हणाली, तलावाचं पाणी बदलायचंय. अहो, पाणी ती बदलते का? मग मी न विचारता तारीख घेऊन आलो आणि पावडरचं पाकीट ओट्यावर ठेवलं. फ्रीजवर वेळापत्रकही लावलं, माझ्याच अक्षरात.

संध्याकाळी स्वयंपाकघरात गेलो तर ही पाकीट हातात धरून उभी. फाडत नव्हती, ठेवतही नव्हती. खोल पाण्यात पोरांना बिनधास्त उडी मारायला लावणारी बाई ती. म्हणाली, “बाबांनीही हेच प्यायलं होतं. संत्र्याचा वास. मीच कालवून दिलं होतं. त्यानंतर ते घरी आले ते वेगळेच होऊन आले.”

मला समजूत घालता येत नाही, तुम्हाला माहीत आहे, मला निर्णय देता येतात. खिशात हात घातला, जुनं पिवळं कार्ड होतं, ते काढून तिच्यासमोर धरलं.

ती बघतच राहिली. “कशाबद्दल?”

“वेळ काढण्याबद्दल.”

हसली हो! ओट्याला टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग विचारलं, “आणि दुसरं मिळालं तर?”

मी म्हटलं, “दुसरं मिळालं की मैदानाबाहेर. आणि मला एकट्याने खेळता येत नाही.”

मग ती रडली. मीही. ते सोडा. पाकीट नीट जपून ठेवलंय, आणि सात तारखेला शिट्टी मी वाजवणार आहे.

तुमचा साडू

२० एप्रिल

पंचसाहेब,

आठ तारीख होऊन किती दिवस झाले! पत्र का नाही? ताईंचा धाकटीला फोन आला होता म्हणे, “काही नाही गं, एवढंसं काहीतरी होतं, काढून टाकलं.” धाकटी तेवढ्यावर खूश, आणि ‘ताईचं झालं की’ हा शब्द सोयीस्कर विसरून रोज नवं कारण शोधतेय. पण मला तुमची शिट्टी ऐकू येत नाहीये. दोन ओळी तरी लिहा.

आपला साडू

२४ एप्रिल

साडूबुवा,

उशीर झाला. लिहायला बसत होतो आणि उठत होतो.

टुंग झालं. डॉक्टरबाई कॅमेरा मागे घेत होत्या. तपासणी झाल्यावर त्यांनी मला ते चित्रीकरण दाखवलं. म्हणाल्या, “काका, तुम्ही पंच आहात, तुम्हीच बघा.” आतड्याची एक घडी, तिच्या आड थोडा फेस. बाई पुढे निघाल्याही होत्या. तेवढ्यात हिरवा चौकोन आला आणि गेला, पापणी लवेपर्यंत. त्या परत मागे गेल्या, पाणी मारून फेस धुतला, आणि तिथे एक सपाट चकती होती. अस्तराच्याच रंगाची. मी रिप्ले पुन्हा पुन्हा लावायला सांगितला. कुठे आहे ते माहीत असूनही मला चौकोनाशिवाय दिसेना.

बाई सरळ म्हणाल्या, “चौकोन आला नसता तर मी थांबले नसते.” मला त्या बाईंचा फार आदर वाटला. मला माझ्या त्या गोलबद्दल एवढं कधी म्हणता आलं नाही.

चकती पूर्ण काढलीय आणि तपासायला पाठवलीय. रिपोर्ट यायचाय. ही मजेत असल्यासारखी वागते, मीही वागतो. धाकटीला एवढ्यात सांगू नका.

आणि एक, त्या यंत्राला मी काय काय बोललो ते सगळं मागे घेतो.

तुमचा साडू

२ मे

श्री. पखालसाहेब यांस,

हो, मीच. तुमची ताई. घाबरलात?

तुमचे साडू आज लिहिण्याच्या स्थितीत नाहीत. रिपोर्ट आल्यापासून ते अंगणात शेजारच्या पोरांबरोबर फुटबॉल खेळतायत आणि दोन्ही बाजूंना गोल देतायत. म्हणून मी लिहायला घेतलं.

आधी म्हशीचं बघू. तुमचे साडू प्रत्येक पत्र पँटच्या खिशात ठेवतात. पँट धुवायच्या आधी खिसे मी बघते. खिशातलं पत्र न वाचता बाहेर कसं काढणार? तेव्हा टोमॅटोच्या बीपासून पिवळ्या कार्डापर्यंत मला सगळं ठाऊक आहे. म्हण पूर्वजांची असली तरी जेवायला तुम्ही माझ्याकडेच येणार आहात, तेव्हा बघून घेईन.

आता खरं. सुरुवात झालेली होती. कॅन्सरच. पण अगदी वरच्या थरात, खाली उतरलेला नव्हता, आणि चकतीच्या कडा स्वच्छ निघाल्या. काढला तेवढ्यात संपला. ऑपरेशन नाही, औषधं नाही, सांगतील तेव्हा पुन्हा जाऊन दाखवायचं. डॉक्टरबाई म्हणाल्या, दोन-तीन वर्षांनी आला असतात तर हे बोलणं वेगळं झालं असतं. मी त्यांना मिठी मारली. मग त्या यंत्राकडे बघितलं, पण त्याला कुठून मिठी मारायची ते कळेना, म्हणून त्याच्या पडद्यावरची धूळ पदराने पुसून आले.

आणखी एक. तुम्हा दोघांना वाटतं, बायकांना एवढं साधं कळलं नाही, सोडलं स्वतःला आणि धरलं जावयांना. अहो, बाबांच्या सगळ्या फाइली मी सांभाळल्या. रक्ताचं नातं कुणाचं ते मला कळत नव्हतं? पहिल्या दिवसापासून कळत होतं. माझी हिंमत होत नव्हती. मला वाटायचं, त्या खोलीत गेलेला माणूस दुखणं घेऊनच बाहेर येतो. म्हणून पाणी किती खोल आहे ते बघायला तुम्हाला दोघांना पुढे ढकललं. तुम्ही गेलात, आणि ‘भूक, भूक’ करत, विनोद करत बाहेर आलात. तुमची पत्रं वाचून मी धुण्याच्या दगडावर बसून हसायचे. हसता हसता एक दिवस वाटलं, जमेल मलाही.

तेव्हा पखाली काही वाया गेल्या नाहीत हो.

धाकटी माझीच बहीण आहे. शेगडी घासते म्हणजे तिलाही सगळं कळतंय. हे पत्र तिच्या हातात द्या आणि तिथून हलू नका.

तुमची,
ताई

९ मे

ती. ताईंना शि. सा. नमस्कार.

पत्र तिच्या हातात दिलं. उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. ‘कॅन्सरच’ या शब्दावर बोट ठेवलं. मग मला म्हणाली, “तुम्हाला माहीत होतं?” मी होकारार्थी मान हलवली. मला वाटलं आता माझं काही खरं नाही. पण ती उठली, जग घेतला, मी आधीच आणून ठेवलेलं पावडरचं पाकीट दातांनी फाडलं आणि पावडर पाण्यात ओतली. मी म्हटलं, “अगं, थांब, आधी तारीख तरी घेऊ दे!” ते पाकीट फुकट गेलं. दुसऱ्या दिवशी तारीख घेतली, नवं पाकीट आणलं.

काल ते प्यायला बसली. शिट्टी नव्हती, म्हणून मी गाडीत बसून हॉर्न वाजवत होतो. शेजारी विचारायला आले, सांगितलं की गाडी दुरुस्त करतोय. पहिला ग्लास झाल्यावर तोंड वाकडं करून म्हणाली, “ताईला लिहा, मी अजिबात घाबरलेली नाही.” दुसऱ्या ग्लासानंतर म्हणाली, “नका लिहू. ती ओळखेल.”

तरी लिहिलं. तुम्हाला कळायलाच हवं.

पंचसाहेबांना सांगा, त्यांनी यंत्राबाबत फिरवलेल्या शब्दाबद्दल मी त्यांना जन्मभर छळणार आहे. आणि ताई, मी तुमच्यासाठी फार खूश आहे. काय लिहू? परवा एका शिकणाऱ्या मुलीने चौकात गाडी बंद पाडली, मागे हॉर्नचा कल्लोळ, आणि मी तिला म्हटलं, “असू दे गं, सावकाश कर, सगळं छान आहे.” ती घरी जाऊन म्हणाली असेल, सर बिघडले.

आपला,
पखाल नं. २

ता. क. पत्र खिशातच राहिलं, तोवर तपासणी झाली. सगळं साफ! टुंग फक्त एकदाच वाजलं. टोमॅटोची बी. मी अजून तिला एक शब्दही बोललेलो नाही, नुसता तिच्याकडे बघतोय.